कुत्रा सोडून गेले, एन.सी. झाली, आता पुढे?

चोपडा तालुक्यातल्या एका केळी उत्पादक भावाचं पत्र आहे. २ मे रोजी भर दुपारी एम.एच. १९ पासिंगची गाडी त्यांच्या मळ्याच्या बांधाशी थांबली, लॅब्रॅडॉर जातीचा कुत्रा खाली उतरवला आणि निघून गेली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या बहिणीने मोबाइलवर शूटिंग केलं, त्यात नंबर दिसतो. चार दिवसांनी पोलिसांत एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, केली. मग पेरणी आली, काम मागे पडलं. आता जुलै अर्धा सरला. कुत्र्याने एक करडू मारलं, सालदाराच्या (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याच्या) मुलाला चावा घेतला. गाडीवाल्यावर केस होईल का, भरपाई मिळेल का, आणि कुत्रा सातपुड्याच्या पायथ्याशी नेऊन सोडला तर चालेल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. अशी पत्रं रावेर, पारोळा, शिरपूरकडूनही येत असतात. गाव आणि कुत्र्याची जात तेवढी बदलते.

भाऊ, आधी तारीख बघा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ३६ प्रमाणे, या कायद्याखालच्या गुन्ह्याचा खटला गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. तुमचे तीन महिने २ ऑगस्टला संपतात. बाकी सगळं बरोबर असलं आणि हा दिवस हुकला, तर गाडीवाला सुटला. उशीर माफ करून घेता येईल का यावर वाद घालता येतो, पण या विशेष कायद्याच्या मुदतीला ती सवलत लागू पडेल याची हमी मी देणार नाही. शेवटचा दिवस सुट्टीचा निघाला तर काय, असल्या हिशेबातही पडू नका. जुलैतच काम उरका.

तुम्ही लिहिता, ‘केस तर मे महिन्यातच केली आहे.’ नाही केली. एन.सी.चा कागद पुन्हा वाचा. शेवटी बहुधा ‘न्यायालयात दाद मागण्याची समज दिली’ अशा अर्थाची ओळ असेल. प्राणी सोडून देणं हा अदखलपात्र गुन्हा आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. त्यांनी नोंद घेतली, तुम्हाला कोर्टाची वाट दाखवली, त्यांचं काम तिथे संपलं. त्या नोंदीने मुदत थांबत नाही. दोन महिने तुम्ही पोलिसांच्या फोनची वाट पाहिलीत आणि तो फोन येणारच नव्हता. याचा मला राग येतो, कारण दरवर्षी चांगल्या पुराव्याच्या तक्रारी याच एका गैरसमजापायी मरतात.

आता करायचं ते असं. चोपड्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खासगी फिर्याद दाखल करा. मालकाचं नाव माहीत नाही म्हणून अडू नका. गाडीचा नंबर घाला आणि मालक-चालकाचा शोध घेण्यासाठी पोलिसांना आदेश द्यावा अशी विनंती त्याच अर्जात करा. फिर्यादी तुम्ही होण्यापेक्षा तुमच्या बहिणीने व्हावं असं मला वाटतं. गाडी तिने पाहिली, शूटिंग तिचं आहे, शपथेवरचा जबाब तिचाच लागणार. शिवाय महिलेला उत्पन्नाची अट न लागता मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा.

फौजदारी खटले कसे चालवायचे हे सांगणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे फिर्यादीची दखल घेण्याआधी समोरच्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. म्हणजे नोटीस, ती बजावली न जाणं, पुढची तारीख. यात महिने जातील, वर्षही जाईल, आणि तालुका कोर्टातलं हे रेंगाळणं मला आजही पटत नाही. पण फौजदारी खटल्याच्या मुदतीसाठी फिर्याद दाखल झाल्याचा दिवस धरायचा, दंडाधिकाऱ्यांनी दखल घेतल्याचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ठरवलं आहे. म्हणून दाखल केल्याच्या तारखेचा शिक्का असलेली प्रत स्वतःकडे ठेवा. पुढच्या तारखा कितीही पडोत, तो शिक्का तुमच्या कामाचा.

शूटिंग तुम्ही गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलंत, ठीक आहे. मूळ फाइल बहिणीच्या फोनमध्ये आहे ना? असेल तर त्या फाइलला हात लावू नका, फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या (नव्या पुरावा कायद्याच्या) कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र सोबत जोडावं लागेल. ग्रुपवर फिरून आलेली क्लिप बचाव पक्ष पाच मिनिटांत संशयास्पद ठरवेल.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११(१) चा खंड (आय) नुसतं ‘सोडून दिलं’ एवढ्यावर थांबत नाही. वाजवी कारण नसताना, भुकेने किंवा तहानेने हाल होण्याची शक्यता असेल अशा स्थितीत सोडलं पाहिजे. समोरचा म्हणेल, मळ्यात माणसं होती, भाकर-पाणी मिळणारच होतं. तेव्हा त्या दुपारी बांधावर कोण होतं, जवळचं पाणी किती लांब होतं, हे फिर्यादीत लिहा. मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेही लिहा. तुम्ही नंतर त्याला खाऊ घातलंत म्हणून गुन्हा पुसला जाऊ नये, असं माझं मत आहे. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून कुत्र्याची तपासणी करून दाखला घ्या. गळ्यावर जुन्या पट्ट्याची खूण असेल तर फोटो काढा.

शिक्षा ऐकून तुम्ही चिडाल. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. कित्येक दशकं हा आकडा हललेला नाही, आणि जिवंत प्राण्याची ही किंमत लज्जास्पद आहे. तरी फिर्याद करा. तीन वर्षांत पुन्हा तसंच केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्यासाठी पहिली शिक्षा नोंदलेली असावी लागते.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: अजिबात नाही. या कायद्यात ज्याच्या ताब्यात प्राणी आहे तोही ‘मालक’ धरला जातो, मग मूळ मालकाची संमती असो-नसो. अडीच महिने कुत्रा तुमच्याकडे आहे. तुम्ही तो पायथ्याशी सोडलात तर गाडीवाल्याने केलेला गुन्हा तुम्ही कराल, आणि तुमचाही व्हिडिओ कोणी काढेल. सांभाळणं होत नसेल तर फोटो आणि दाखला हाती आल्यावर सांभाळू शकणाऱ्या माणसाला लेखी करून द्या.

भरपाईबद्दल मी आशा लावणार नाही. करडाच्या किमतीसाठी दिवाणी दावा होऊ शकतो. मात्र ते मेलं तेव्हा कुत्रा तुमच्या ताब्यात होता, हे तुमच्या विरोधात जाईल. चाव्याचंही तसंच. पुढे कुणाला चावला तर निष्काळजीपणाचा ठपका तुमच्यावर येऊ शकतो, म्हणून कुत्रा आवारात ठेवा, पण दिवसभर साखळीला नको.

सालदाराच्या मुलाला रेबीजची लस दिली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दिली नसेल तर वकिलाकडे जायच्या आधी त्याला सरकारी दवाखान्यात न्या आणि सगळे डोस पूर्ण करा.