शुक्रवारचं अंडं गेलं कुठे?

प्रश्न : माझ्याकडे सहा गावरान कोंबड्या आहेत. त्यातल्या तांबडीने गेल्या आठवड्यात सोमवारी सकाळी 8 ला अंडं दिलं, मंगळवारी 10 ला, बुधवारी साडेअकराला, गुरुवारी दुपारी 2 ला. शुक्रवारी खाडा. शनिवारी पुन्हा सकाळी 8! महिनाभर वहीत टिपतेय, असंच चाललंय. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. हे म्हणतात टॉनिक आणू. रात्री बल्ब लावू का?
— एक वाचक, भोर तालुका

उत्तर : ताई, अशी वही ठेवणारं कुणी भेटलं की मला फार बरं वाटतं. दृष्ट काढायची तर काढा, मीठमोहऱ्या स्वस्त आहेत; टॉनिकचे पैसे मात्र वाचवा.

अंडाशयातून बलक सुटल्यापासून अंडं बाहेर पडेपर्यंत 25-26 तास लागतात. त्यातले 20 नुसते कवच चढायला. अंडं घातल्यावर अर्ध्याएक तासात पुढचा बलक सुटतो. म्हणून वेळ रोज पुढे सरकते.

मग सरकत सरकत रात्र का होत नाही? बलक सुटण्याआधी 4 ते 6 तास मेंदूखालच्या पियूषिका ग्रंथीतून एलएच या संप्रेरकाचा (हार्मोनचा) लोंढा यावा लागतो. त्याला हाक देतं प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक, आणि ते येतं सगळ्यांत मोठ्या, पिकलेल्या बलकाच्या पिशवीतून. (गाईत हे काम इस्ट्रोजेनचं. कॉलेजात मी हे उलटं लिहून आले होते, म्हणून चांगलं लक्षात आहे.) पण या लोंढ्याचं दार उघडतं फक्त रात्री, 8-10 तास. गुरुवारी दुपारी अडीचला बलक सुटायचा, तर लोंढा सकाळी 9-10 ला हवा होता. तेव्हा दार बंद! बलक तयार असून अडकला. रात्री दार उघडलं, शुक्रवारी पहाटे तो सुटला आणि शनिवारी 8 ला अंडं तुमच्या हातात.

म्हणजे खाड्याच्या दिवशीही तांबडी रिकामी नव्हती. पुढच्या खाड्याला रात्री खुराडं लावताना तिला बोट लावून बघा, कडक अंडं लागेल. सासूबाईंनाही दाखवा.

बल्बचं म्हणाल तर कोंबडीचं घड्याळ अंधार कधी पडला त्यावर लागतं. आज 8 ला विझवला, उद्या 10 ला, असं केलंत तर तिचा घोळ होतो. थंडीत दिवस लहान झाल्यावर पहाटेच्या बाजूने थोडा थोडा उजेड वाढवा, एकूण 14 तासांपर्यंत, आणि वेळ रोज तीच ठेवा.

तांबडी खुडूक (अंडी उबवायला) बसली तर मात्र हा हिशेब लागू नाही. तेव्हा प्रोलॅक्टिन हे संप्रेरक चढतं, पिकू लागलेले बलक आतच जिरतात. पिल्लं नको असतील तर खालची अंडी रोजच्या रोज उचला आणि तिला चार दिवस घरट्यापासून लांब, उजेडात ठेवा.