दिवाळीला कोल्हापुरात येताना

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. नोकरी लागल्यानंतरची पहिली मोठी रजा, तीही दिवाळीची, आणि ती सगळी कोल्हापुरात काढायचं तू ठरवलंस हे वाचून फार बरं वाटलं. सोबतची यादीही वाचली. रंकाळा, न्यू पॅलेस, पन्हाळा, जोतिबा, दोन ठिकाणी तांबडा-पांढरा रस्सा, एक रात्र मित्रांच्या फार्महाऊसवर. काय काय करू असं विचारलंयस म्हणून मोकळेपणानं लिहितो. ही यादी पहिल्यांदा कोल्हापूर बघायला येणाऱ्याला शोभेल. तू गंगावेशीत वाढलेला पोरगा आहेस. यादी बाजूला ठेव आणि गावातलं एखादं-दुसरं काम अंगावर घेऊन ये. सण नुसता बघायचा म्हटलं तर संध्याकाळच्या फेरीत संपतो. हातात काम असलं की माणसं हाक मारतात, घरात घेतात, रागावतात, आणि मग आपण गावात आल्यासारखं वाटतं.

सुरुवात गल्लीपासून कर. पोरांची पहिल्या सत्राची परीक्षा संपली की किल्ल्याची माती येऊन पडेल. हल्ली बाजारात तयार किल्ला मिळतो, गाडीतून आणायचा आणि दारात ठेवायचा. मला तो अजिबात पटत नाही. पोरांचे हात कोपरापर्यंत मातीत गेले पाहिजेत. तू थोरला म्हणून त्यांच्यात बस, पण आराखडा त्यांना काढू दे. पन्हाळा तुझ्या यादीत आहेच, तर वीस किलोमीटरवरच्या त्या गडावर चार पोरांना घेऊन सकाळीच जा. तीन दरवाजापाशी त्यांना थांबव. आत शिरलेला शत्रू दोन दारांच्या मधल्या चौकात कसा कोंडला जाईल, ते त्यांचं त्यांना शोधू दे. अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही तीन धान्यकोठारं दाखव. १६६० साली सिद्दी जौहरनं गडाला वेढा घातला, तेव्हा शिवाजी महाराज इथं महिनोन् महिने अडकले आणि भर पावसाळ्यात रात्री विशाळगडाकडे निसटले. एवढे दिवस गड कशाच्या जोरावर तग धरून राहिला, हे त्या कोठारांसमोर उभं राहिल्यावर पोरांना सांगावं लागत नाही. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात पन्हाळाही आहे, हेही त्यांना कळू दे. मग घरी येऊन किल्ला करा. बघ, त्यात कोठार असेल, पाण्याची विहीर असेल, दरवाजाची वाट वळून आत जाईल. हळीव मात्र आधीच पेरायला सांग, नाहीतर लक्ष्मीपूजनापर्यंत तटाला हिरवळ धरणार नाही. मावळे कुंभार गल्लीतूनच आणा, आणि फुटके हात जोडायला थोडा डिंक जवळ ठेवा.

घरातलं एक काम न मागता उचल. चकलीची भाजणी गिरणीतून दळून आणायची. दिवाळीच्या तोंडावर गिरणीत डब्यांची रांग असते आणि आईला तिथं ताटकळत उभं राहावं लागतं. तू उभा राहिलास तर तिचा अख्खा सकाळचा वेळ वाचेल, आणि शेजारपाजारची सगळी खबर तुला त्या रांगेत मिळेल.

आता तुझ्या यादीत नव्हतं आणि मला सगळ्यात आधी सुचलं, ते म्हशींचं. लहानपणी पाडव्याला आणि भाऊबीजेला रस्त्याकडेला उभं राहून तू म्हशी पळताना बघितल्यास. शनिवार पेठेत, सागरमाळावर, कसबा बावड्यात अजून ती गर्दी होते. पण खरी दिवाळी आदल्या दिवशी गोठ्यात असते. तुमच्या घरी दूध घालणाऱ्या गवळ्यांना आधी विचारून त्यांच्या गोठ्यात जा. म्हशींना नदीवर नेऊन घासून धुतात, भादरतात, शिंगं रंगवतात, पायात तोडे घालतात, गळ्यात कवड्यांच्या माळा आणि डोक्याला मोरपिसांचे तुरे बांधतात. पंढरपुरी म्हशीची ती खांद्याच्या मागपर्यंत गेलेली लांब शिंगं रंगवायला दोन माणसं लागतात, एकानं नुसतं तिच्याशी बोलत राहायचं असतं. तुला ब्रश देणार नाहीत, पण कवड्या ओवायला बसवतील. बस. मालकानं नावानं हाक मारली की ती म्हैस गर्दीतून त्याच्या मागे का धावत सुटते, याचं उत्तर तुला त्या दुपारी मिळेल. वर्षभर रोज पहाटे आणि संध्याकाळी त्याच आवाजाबरोबर तिच्या पुढ्यात वैरण पडलेली असते. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर तुझ्यासमोर पेल्यात धार काढून देतात, ते दूध याच मायेवर चाललंय. म्हशी पळवताना सायलेन्सरच्या पुंगळ्या काढून मोठ्या आवाजात गाड्या उडवणारी पोरंही असतात. त्यांच्यात जाऊ नकोस. जनावर बिथरतं, आणि तो दिवस जनावराचा आहे.

पाडव्यालाच सकाळी शाहू मार्केट यार्डात नव्या गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली तेव्हापासून या शहराच्या नशिबात गूळ आहे. पण यार्डात आपल्यासारख्याला करण्यासारखं काही नाही, तिथं उगाच मधे येऊ नये. त्यापेक्षा फार्महाऊसच्या रात्रीऐवजी मित्रांना घेऊन गुऱ्हाळावर जा. तुमच्यातल्या कुणाच्या तरी चुलत्याचा ऊस लागलेला असेलच. गुऱ्हाळघरं आता फार कमी उरलीत, म्हणूनही जा. चुलवाणात चिपाड सारायचं काम नवख्याला देतात, तेवढ्यानंही घाम निघतो. रस तापला की त्यात भेंडीचा चिकट रस घालतात आणि मळी वर येते, ती काढत राहायची. त्यानंतर सगळी मदार गुळव्यावर, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिरावर. तो पाक थंड पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळवून बघतो, आणि काहील उतरवायची की अजून थांबायचं ते ठरवतो. त्याच्या शेजारी गप्प उभा राहा. तू कामात मोठा व्हायचं म्हणतोस ना? एखाद्या माणसाला आपलं काम किती खोल कळू शकतं ते तिथं बघून घे.

परतताना एक कर. उसाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागेच सुरू होतो. बीडकडून आलेल्या तोडकऱ्यांच्या खोप्या शिवाराच्या कडेला पडलेल्या असतात आणि त्यांच्या लेकरांची दिवाळी तिथंच होते. फराळाचे डबे भरून ने. फोटो काढू नकोस. बसून दोन घटका बोल, ती माणसं इतक्या लांबून आलेली असतात आणि त्यांच्या गावाबद्दल त्यांना कुणी विचारत नाही.

आजीला अंबाबाईच्या किरणोत्सवाची ओढ आहे, हे तुझ्या आईनं मला बोलता बोलता सांगितलं होतं. त्याचा काळ इंग्रजी तारखांनी धरलेला आहे, ९, १० आणि ११ नोव्हेंबर, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. दिवाळी तिथीनं सरकते, त्यामुळे काही वर्षी दोन्ही जुळतात, काही वर्षी चुकतात. कॅलेंडर बघ. देवी पश्चिमाभिमुख आहे. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत जाणं अपेक्षित असतं. ढग असले, धुरळा असला, किरणांच्या वाटेत इमारतीचा अडथळा आला, तर ती तिथवर पोचत नाहीत. आजीला हे आधीच सांग, म्हणजे ती खट्टू होणार नाही. दुपारीच तिला घेऊन जा, बसायला जागा मिळव, पाण्याची बाटली आणि तिच्या गोळ्या सोबत ठेव. गर्दीत तिचा हात सोडू नकोस. गुडघ्यांमुळे ती घरातच अडकली आहे आणि न्यायला कुणीतरी सवड काढणारं लागतं. तेवढं काम झालं आणि बाकी काहीच जमलं नाही, तरी तुझी रजा सार्थकी लागली असं मी म्हणेन.

रंकाळा राहिलाच. तिथं जायला बेत कशाला, रात्री जेवून पाय मोकळे करायला चालत जा. तांबडा-पांढरा भाऊबीजेनंतर घरीच होईल, आईला मटण आणून दे आणि कांदा चिरायला बस.

आणखी एक विनंती. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी त्रिपुरारी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर हजारो पणत्या लागतात. त्या मांडायला, वाती घालायला, तेल ओतायला पहाटे अंधारातच हात लागतात आणि दरवर्षी ते कमी पडतात. रजेचा अर्ज करतोयस तर तेवढा एक दिवस आत्ताच मागून ठेव. जुने कपडे घालून ये, तेलाचे डाग निघत नाहीत. आल्यावर मला फोन कर, आपण दोघं मिळूनच घाटावर जाऊ.

तुझे,
सर