मुधोळ असला तरी त्याचं ताट तूच भर

अरे बाळा, मुधोळ जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलंस, बरं केलंस. पण "शिकारी जात आहे, आपलं आपण शोधून खाईल" हे डोक्यातून काढून टाक. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या रानात सशामागे सोडलास तर तो १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. शिवाय भीमगड अभयारण्यही त्याच तालुक्यात.

मोकाट चरायला तर सोडूच नकोस. माझ्या कुत्र्यानं उसाच्या फडात उंदरांसाठी ठेवलेलं विष खाल्लं. तोंडाला फेस, पाय ताठ. डॉक्टर येईपर्यंत माझ्या मांडीवरच गेला. त्याचा पट्टा अजून खुंटीला आहे.

खाटकाकडची कच्ची आतडी, काळीज, फुप्फुस घालू नकोस. त्यातून कुत्र्याला फीतकृमी, म्हणजे पट्टीसारखे चपटे जंत, होतात आणि त्यांची अंडी आपल्या पोटात गेली तर यकृतात पाण्याच्या गाठी होतात. भाकरी कुस्करून त्यात उकडलेलं चिकन किंवा अंडं घाल. हाडं काढून, कांदा-लसूण न घालता. पिल्लू आहे तोवर दिवसातून तीन-चार वेळा. माळावर मनसोक्त पळव, पण जेवल्यावर लगेच नको. मुधोळसारख्या खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून त्याला पीळ पडू शकतो. रेबीजची लस चुकवू नकोस.