रस्त्यावर पळताना वाहनांपासून कसं सांभाळायचं? इअरफोन घातले तर चालतं का?

तुमच्या प्रश्नातला इअरफोनचा भाग वाचला आणि राहवलं नाही. 2019 पासून मी एकच वाक्य ऐकत आलेय, "हिच्या कानात काहीतरी असणार." नव्हतं. आधी ते सांगते, मग तुमचं.

मी कराडची, शाळेत शिकवते. आमचा पळणाऱ्यांचा लहानसा ग्रुप पहाटे कृष्णा पुलावरून ओगलेवाडीच्या रेल्वे स्टेशनपर्यंत जाऊन परत येतो. जानेवारीचे दिवस, गळीत हंगाम ऐन भरात. साडेपाच वाजले होते, म्हणजे उजाडायला बराच वेळ. आम्ही चौघं डाव्या बाजूने एका ओळीत, मी सगळ्यात मागे. डावी बाजू का, तर ग्रुपमधल्या सरांचा तसा नियम. रस्त्यावर उतरलं की आपणही वाहनच, वाहनाने डावीकडूनच जायचं. सर वयाने मोठे, सातारा हिल मॅरेथॉन कितीदा केलेले, त्यामुळे त्यांच्यापुढे कोणी बोललं नाही. मीही नाही.

मागून ट्रॅक्टर येतोय हे मला स्वच्छ ऐकू आलं. उसाच्या ट्रॅक्टरवर गाणी एवढ्या मोठ्याने लागलेली असतात की कानात बोळे घातले तरी कळावं. मी साईडपट्टीकडे सरकले. इंजिन शेजारून गेलं, पहिली ट्रॉली गेली, गाणी पुढे गेली आणि माझ्या डोक्याने ठरवून टाकलं की ट्रॅक्टर गेला. दुसरी ट्रॉली राहिली होती. भरलेली दुसरी ट्रॉली सरळ चालत नाही, ती झोले खाते, आणि तिच्या बाजूने ऊस हातभर बाहेर आलेला असतो. तो ऊस माझ्या उजव्या खांद्यावर बसला आणि मी चरीत फेकले गेले. तोंडात माती आणि तोडलेल्या उसाचा ओला गोडसर वास, एवढंच लक्षात आहे. ड्रायव्हरला पत्ताही नव्हता, गाणी तशीच ओगलेवाडीकडे लांब जात राहिली. कॉलरबोन मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात होता, फळ्यावर डाव्या हाताने लिहिलं.

दवाखान्यात जाऊबाईंनी माझा कमरेचा पाऊच उघडला, त्यात इअरफोन निघाले. गुंडाळलेले, चेन लावलेली. तरी संध्याकाळपर्यंत घरात, गल्लीत आणि ग्रुपवर एकच झालं. सरांनी लिहिलं, "सर्वांनी धडा घ्यावा, इअरफोन लावून पळू नये." डाव्या बाजूबद्दल एक अक्षर नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगते. पहाटे रस्त्यावर इअरफोन नकोतच, एका कानातसुद्धा नकोत. पण नुसते मोकळे कान तुम्हाला वाचवत नाहीत. आवाज वाहन आलं हे सांगतो, ते किती रुंद आहे, मागे काय जोडलंय, ड्रायव्हर पेंगतोय का, हे सांगत नाही. ते डोळ्यांनाच दिसतं, आणि डोळे पाठीला नसतात. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, तेव्हा पळणाऱ्याने उजवीकडून, वाहनांकडे तोंड करून पळायचं. सायकलवाल्याने डावीकडून जायचं, ते बरोबरच आहे, तो वाहन आहे. मी नाही. साठच्या वेगातली गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर येते. ड्रायव्हरने आपल्याला बघून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत सेकंदभर जातोच. तेवढ्यात मला दोन पावलं बाजूला उतरता येतं, पण गाडी दिसली असेल तर. 2023 च्या मार्चमध्ये मुंबईत वरळी सी-फेसवर पहाटे पळणारी एक अनुभवी धावपटू कारच्या धडकेत गेली. ती बातमी वाचली त्या दिवशी मला शाळेत शिकवता येईना.

कपड्यांचं म्हणाल तर काळा ट्रॅकसूट अंधारात घालूच नका. चमकणारी पट्टी पाठीवर असतेच, ती घोट्यांना आणि गुडघ्यांनाही बांधा. पाय वरखाली होताना दिसले की ड्रायव्हरला लांबूनच कळतं की हा माणूस आहे, नुसत्या जाकिटावरून खांब की माणूस हे उमगायला वेळ जातो. मी पंधरा-वीस रुपयांची पट्टी आणून घरीच वेल्क्रोवर शिवली. हंगामात एक गोष्ट आणखी. समोरून एकच दिवा येत असेल तर मोटारसायकल समजून तेवढीच जागा सोडू नका. एक हेडलाईट बंद पडलेला ट्रॅक्टर असू शकतो, आणि मागे दोन ट्रॉल्या. एक दिवा दिसला की मी रस्ता सोडून मातीत उभी राहते. वेळ बिघडली तर बिघडू दे.

हो, उजवी बाजू सगळीकडे चालत नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. यवतेश्वरच्या घाटात उजवीकडे वळणारं आंधळं वळण असेल आणि तुम्ही कड्याला चिकटून पळत असाल, तर समोरच्याला तुम्ही अगदी शेवटी दिसता. तिथे वळणाच्या आधीच, दोन्हीकडे बघून, बाहेरच्या बाजूला जा आणि वळण संपलं की परत या. दुसरं, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर कोणी ओव्हरटेक करत असेल तर तो तुमच्या पाठीमागून तुमच्याच बाजूला येतो. त्याच्यासाठी कान मोकळे हवेत. आणि शक्य असेल तर मैदानच बरं, पण वीस किलोमीटर मैदानात गोल गोल फिरून होत नाहीत, हे मला माहीत आहे.

ग्रुप अजून डावीकडूनच जातो. मी पंधरा मिनिटं आधी निघते. परत येताना माझी उजवी बाजू म्हणजे त्यांची डावी, त्यामुळे रोज समोरासमोर गाठ पडते. त्यांच्या पाठीमागून येणारा ट्रॅक्टर त्यांच्याआधी मला दिसतो. मी हात वर करते, बोटांनी ट्रॉल्या किती ते दाखवते आणि सगळे मातीत उतरतात. सरही उतरतात.