गणित स्वस्त पडतं म्हणून घेऊ नकोस

पुणे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीनंतरचं तुझं पत्र मिळालं. बाबा म्हणतात, ‘बी.एस्सी.ला जा, फी कमी आहे, इंजिनिअरिंग आपल्याला झेपायचं नाही.’ तुला गणित आवडतं, म्हणून तू लगेच हो म्हणालीस. तू गणिताकडे वळलीस तर माझ्याइतका आनंद क्वचितच कुणाला होईल. पण बाबांचं कारण मला पटलेलं नाही. हिशेब पुरता मांडला तर गणित स्वस्त पडत नाही, आणि हे तुला प्रवेशाच्या आधी कळायला हवं.

फर्ग्युसन, स. प., मॉडर्न, गरवारे यांच्या अनुदानित तुकड्यांत बी.एस्सी.ची फी वर्षाला साधारण दहा-पंधरा हजारांच्या घरात असते. बाबांनी तेवढाच आकडा पाहिला. पण तू शिरूरहून येणार, रोजचं जाणं-येणं शक्य नाही. डेक्कन-कोथरूडकडे कॉट बेसिसवर जागा आणि दोन वेळची मेस म्हटली की महिन्याचे दहा हजार धरून चाल. दहा महिन्यांचे एक लाख झाले, म्हणजे फीच्या सात-आठ पट. शिवाय नुसत्या बी.एस्सी. गणितावर हाती फारसं लागत नाही. कंपन्या घेतात, पण बहुतेकदा इंजिनिअरपेक्षा कमी पगारावर. म्हणून एम.एस्सी.ची दोन वर्षं पहिल्या दिवसापासून हिशेबात धर. एकूण पाच वर्षं आणि सहा लाखांच्या आसपास खर्च.

आता इंजिनिअरिंगचं बघ. खासगी कॉलेजची फी वर्षाला दीड-दोन लाखांच्या घरात जाते, त्या आकड्याला बाबा घाबरले असणार. पण २०२४-२५ पासून राज्य सरकारने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. अट एवढीच की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. तुमचं घर यात बसतं. मग उरतो तो मुख्यतः राहण्या-जेवण्याचा चार वर्षांचा खर्च, आणि कमाई गणितापेक्षा एक वर्ष आधी सुरू. तुझ्यापुरतं बोलायचं तर इंजिनिअरिंगच स्वस्त आहे. हे बाबांना नीट सांग. त्यांनी पैशापायी तुझी एक वाट बंद केली असं पुढे कधी त्यांच्या मनात राहायला नको.

पैशाचा मुद्दा असा बाजूला झाला की खरा प्रश्न उरतो: तुला कॉलेजातलं गणित आवडेल का? बारावीचे गुण याचं उत्तर देत नाहीत. बारावीत रीत लक्षात ठेवून उदाहरण सोडवता येतं, बी.एस्सी.ला दुसऱ्या वर्षापासून रिअल ॲनालिसिस आणि अल्जिब्रा सुरू झाले की प्रत्येक विधानाची सिद्धता द्यावी लागते. हुशार मुलं तिथे कोमेजलेली मी पाहिली आहेत. आकडेमोडीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण ‘हे खरं कशावरून?’ या प्रश्नाची त्यांना गोडी नव्हती. तेव्हा एक कर. सलग पाच नैसर्गिक संख्यांच्या गुणाकाराला १२० ने नेहमी भाग जातो. दहा उदाहरणं घेऊन तो जातो हे दाखवणं सोपं आहे. का जातो ते पूर्ण वाक्यांत, एकही फट न ठेवता लिही. ते जमलं की आयएसआय, म्हणजे भारतीय सांख्यिकी संस्था, हिच्या प्रवेशपरीक्षेचे जुने पेपर घे, ते नेटवर मिळतात. एका प्रश्नावर दोन-दोन संध्याकाळी गेल्या आणि तरीही तिसऱ्या दिवशी वही उघडावीशी वाटली, तर गणिताला ये. नाही वाटली तर त्यात कमीपणा काहीच नाही, कॅपचा फॉर्म भर.

गणिताला यायचं ठरलं तर खर्च खाली आणायचे रस्ते आहेत. आयएसआय कोलकात्याला बी.स्टॅट. आणि बंगळूरला बी.मॅथ. शिकवते. तिथे या पदव्यांना आजवर शिकवणी शुल्क घेतलेलं नाही, उलट दरमहा विद्यावेतन मिळत आलं आहे. निकाल घसरला की मात्र ते थांबतं. प्रवेश अवघड आहे, तरी परीक्षा देच. पुण्यातच पाषाणला आयसर ही केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहे, पाच वर्षांची बी.एस.-एम.एस. प्रवेशासाठी आयएटी परीक्षा, आणि सुरुवातीला गणिताबरोबर बाकीची विज्ञानंही शिकावी लागतात. वसतिगृह धरून खर्च वर्षाला लाखाच्या वर जातो, पण प्राध्यापक आणि ग्रंथालय पाहता तो रास्त आहे.

केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती विसरू नकोस. बारावीला बोर्डाच्या पहिल्या एक टक्क्यात आलीस आणि मूलभूत विज्ञान घेतलंस (गणित त्यात येतं) तर वर्षाला ८०,००० रुपये: ६०,००० हाती आणि २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. इंजिनिअरिंगला ती नाही. ती मिळाली तर वरचा सगळा हिशेब फिरतो. फक्त पैसे वेळेवर येतील असं गृहीत धरू नकोस, पहिल्या वर्षाची तजवीज वेगळी हवी. राहण्यासाठी विद्यार्थी साहाय्यक समितीत अर्ज कर. ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींना ही संस्था १९५५ पासून आधार देते आहे. विद्यापीठाची कमवा व शिका योजनाही आहे, कॉलेजात चौकशी कर. आणि पहिल्या पदवीसाठी कर्ज काढू नकोस. नावात ‘डेटा सायन्स’ किंवा ‘एआय’ असलेल्या विनाअनुदानित पदव्यांची फी अनुदानित बी.एस्सी.च्या कितीतरी पट असते, खासगी विद्यापीठांत ती लाखाच्या पुढे जाते. पायथॉन आणि एसक्यूएल तू फुकट शिकू शकतेस. संभाव्यता आणि रेषीय बीजगणित मात्र चांगल्या शिक्षकाकडूनच पक्कं होतं. म्हणून गणिताच्या जोडीला संख्याशास्त्र घे. त्या जोडीने विश्लेषणाच्या नोकऱ्याही उघडतात आणि विम्यातलीही वाट. ॲक्च्युअरी, म्हणजे विम्यातली जोखीम गणिताने मोजणारा तज्ज्ञ, व्हायला आधी एसीईटी ही प्रवेशपरीक्षा आणि मग एकूण तेरा पेपर. त्यातले काही झाले की नोकरी मिळू शकते आणि उरलेले नोकरी करत देता येतात. चिकाटी असलेल्या मुलीला ही वाट मी आवर्जून सुचवते.

शिकवण्याबद्दल तू विचारलंस. शाळेत शिकवायचं तर बी.एड., मग टेट ही शिक्षक भरतीची अभियोग्यता परीक्षा आणि सरकारच्या पवित्र पोर्टलवरून निवड. नेमणूक झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून, माध्यमिकला महिना १८,००० मानधनावर. कॉलेजात कायम प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, पण नेट-सेट या पात्रता परीक्षा आणि पीएच.डी. झालेली कितीतरी माणसं तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढताहेत. लोक तुला गणिती द. रा. कापरेकरांचं नाव सांगतील. फर्ग्युसनचे विद्यार्थी, ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधणारे. पण त्यांचं घरही देवळालीच्या शाळेतल्या नोकरीवर चालत होतं, गणितावर नव्हे.

संशोधनाचं तसं नाही. पीएच.डी. पैसे भरून करायची नसते. सीएसआयआरची जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली की पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० आणि त्यावर घरभाडं. तिथपर्यंत पोचायला एम.एस्सी. चांगल्या ठिकाणी व्हावी लागते, त्यासाठी जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटी गाठायची. जॅमची तयारी दुसऱ्या वर्षापासून. आणि पहिल्या वर्षापासून माधव गणित स्पर्धेला बस, ती स. प.चा गणित विभाग होमी भाभा केंद्राबरोबर घेतो. उन्हाळ्यात एमटीटीएस या गणित प्रशिक्षण शिबिराला अर्ज कर, महिनाभर नुसतं गणित. एरंडवण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था आहे, गणिती श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापन केलेली. तिथली व्याख्यानं ऐक, ग्रंथालयात बस. कॉलेजची पदवी हजारोंकडे असते, पण जॅमचा क्रमांक किंवा एमटीटीएसमध्ये शिकवणाऱ्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र फार थोड्यांकडे असतं. पुण्यात राहण्याचा खर्च करायचाच आहे, तर तो या गोष्टींसाठी कर. नुसत्या हजेरीसाठी शिरूरजवळचं कॉलेजही पुरेल.

आता लगेच करायचं काम म्हणजे कागदपत्रं. अधिवासाचं प्रमाणपत्र या महिन्यातच सेतूत अर्ज करून काढ. उत्पन्नाचा दाखला आणि प्रवर्गाचं प्रमाणपत्र प्रवेशाच्या वर्षी चालणारं हवं, म्हणून ती एप्रिल लागताच काढ. बारावीच्या निकालानंतर तिथे रांगा लागतात, आणि कुठल्याही वाटेने गेलीस तरी हे कागद लागणारच. आयएसआयचे अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निघतात, संकेतस्थळावर लक्ष ठेव. इंजिनिअरिंगच्या सीईटीचाही फॉर्म भर, गणिताचं पक्कं ठरवलं असलंस तरी.

तुझ्या गणिताच्या बाई