संयुक्त महाराष्ट्र समिती १९५७ मध्ये एवढी जिंकली, मग लगेच फुटली का?

तुम्ही विचारलंय, दोष कम्युनिस्टांचा की समाजवाद्यांचा? माझे आजोबा परळला गिरणीत होते. समिती फुटल्याचं त्यांना शेवटपर्यंत लागून राहिलं होतं आणि ते सरळ समाजवाद्यांना बोल लावायचे. मला मात्र ते तितकंसं पटत नाही.

मुंबईसह मराठी भाषकांचं राज्य मागणारी ही समिती ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात झाली, तेव्हा मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झालेली होती आणि मुंबईत गोळीबारात माणसं पडली होती. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप (शेतकरी कामगार पक्ष), आंबेडकरांचं शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन हे एरवी एकमेकांशी भांडणारे पक्ष त्या संतापाने एकत्र आले. हिंदुमहासभा आणि जनसंघही होते, पण कणा डाव्यांचाच. आणि १९५७ चा निकाल बघा: दादरहून आचार्य अत्रे, पुण्याच्या शुक्रवार पेठेतून प्रजासमाजवादी एसेम जोशी, लोकसभेवर साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील, नाशिकमधून फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड! शेतकरी, गिरणी कामगार आणि दलित एका झेंड्याखाली असे पुन्हा क्वचितच दिसले.

तरी सत्ता आली नाही. गुजराती आणि मराठी प्रदेश एकत्र असलेल्या द्विभाषिक मुंबई राज्यातल्या ३९६ पैकी २३४ जागा काँग्रेसने राखल्या, त्या गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या जोरावर. त्यामुळे राज्य चालवताना जमिनीचं काय करायचं, कारखान्यांचं काय करायचं, हे एकत्र बसून ठरवायची वेळ समितीवर आलीच नाही. मागणी एकच राहिली. माझ्या मते खरी उणीव हीच.

पुढे १९५९ उजाडलं. केरळात कम्युनिस्ट सरकारविरुद्धच्या आंदोलनात प्रजासमाजवादी उतरले होते. ते सरकार जुलैमध्ये बरखास्त झालं. त्याच वर्षी तिबेट आणि चीनची सीमा पेटली. इथे एका व्यासपीठावर बसणारे नेते दिल्लीत समोरासमोर उभे होते. एसेमनी बराच काळ ही मोट बांधून ठेवली, हे त्यांचं श्रेय कुणी नाकारू नये.

१ मे १९६० ला राज्य मिळालं आणि बांधून ठेवणारी दोरीच सुटली. कार्य झालं, आता समिती कशाला, असं प्रजासमाजवाद्यांचं म्हणणं. म्हैसूर राज्यात गेलेलं बेळगाव-कारवार अजून बाकी आहे, हे इतरांचं. प्रजासमाजवादी बाहेर पडले. राज्याचं श्रेय काँग्रेसचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांकडे गेलं आणि विरोधकांना आपल्यात सामावून घेण्याच्या त्यांच्या ‘बेरजेच्या राजकारणा’ने शेकापची माणसंही काँग्रेसकडे ओढली. अत्रे आणि कम्युनिस्ट नेते डांगे यांनी पुढे ‘संपूर्ण महाराष्ट्र समिती’ चालवून पाहिली, पण ती जुनी ताकद परत आली नाही.

१९५९ मध्येच दादासाहेबांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला होता. समितीने राज्य मिळाल्यावर तोच प्रश्न आपला मुख्य कार्यक्रम केला असता तर पक्षांना एकत्र राहायला कारण उरलं असतं, असं मला मनापासून वाटतं. तसं झालं नाही, आणि १९६२ च्या विधानसभेत काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या. शेकाप १५, प्रजासमाजवादी ९, कम्युनिस्ट ६, रिपब्लिकन (पूर्वीचं शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन) ३.