घरच्या नेटवर्कसाठी रॅक निवडताना

घरच्या नेटवर्कची उपकरणे बसवायचा रॅक, म्हणजे कपाटासारखी चौकट, किती 'यू'चा (उंचीचे माप) घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते त्याआधी खोलीचा, म्हणजे पुढून मागे लागणाऱ्या जागेचा, विचार करावा. रुंदी 19 इंच ठरलेली असते आणि एक यू म्हणजे 44.45 मिलिमीटर उंची, त्यामुळे तेथे सहसा चूक होत नाही. मी पहिला रॅक 450 मिलिमीटर खोलीचा घेतला. राउटर, नेटवर्क स्विच (अनेक उपकरणे केबलने जोडणारा) आणि पॅच पॅनेल (केबल एकत्र जोडायची पट्टी) त्यात नीट बसले. पण पुढे सेकंडहँड सर्व्हर (इतर उपकरणांना सेवा देणारा संगणक) आणला तेव्हा तो वीतभर लांब भरला आणि अखेर रॅकच बदलावा लागला. सर्व्हर ठेवायचा असेल, तर 1000 मिलिमीटर खोलीचा, जमिनीवर उभा राहणारा रॅक पाहावा. अन्यथा भिंतीवरचा 9 यू पुरेसा आहे.

भिंत मात्र आधी तपासा. आपल्या कोल्हापूरच्या पेठांतील जुन्या घरांत ड्रिलच्या टोकाला विटेच्या भुकटीऐवजी मऊ माती आली, तर त्या भिंतीवर भार टाकू नये. यूपीएस जड असल्याने तो भिंतीवरच्या रॅकमध्ये न ठेवता खाली भक्कम स्टँडवर ठेवावा. आणि ज्यांच्या दारात 2019 किंवा 2021 च्या महापुरात पंचगंगेचे पाणी आले होते, त्यांनी सगळी मांडणी वरच्या मजल्यावरच करावी. दार काचेचे नको, जाळीचे घ्या, म्हणजे उष्णता कोंडत नाही. रॅकला अर्थिंग करून घेणे टाळू नका.